आबांची मेंढरं



आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, अंथुर्ण्याचे मेंढपाळ. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या या भागात नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, शेजारी वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. आमचं रान मात्र माळाचं, जिरायत. घर चाललं ते मेंढरांवर.

दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, हलायचा. घोड्यांवर बिऱ्हाड लादायचं, त्यावर कोंबड्या, लहान पोरं आणि नुकती जन्मलेली कोकरं. लादणं, उतरवणं, तीन दगडांची चूल मांडणं, सगळं आजीचं. आबांचे कष्ट सांगताना तिचे निम्मे कष्ट त्यात धरावेच लागतात. जेजुरीला खंडोबाचा भंडारा लावायचा, भोरवरून वरंधा घाट उतरायचा आणि महाडकडच्या भातखाचरांत मेंढरं बसवायची. रात्रभर पडलेल्या लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी भात द्यायचे. मृगाच्या आत परत फिरायचं, कारण दख्खनी मेंढीच्या खुरांना कोकणातला चिखल सोसत नाही.

मेंढपाळाला काय काम, दिवसभर काठीला टेकून उभा, असं बोलणारे भेटले की मला राग येतो. आबा कळप मोजत नसत. संध्याकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, शिरणाऱ्या प्रत्येक मेंढीचं तोंड बघत. कोण रवंथ करत नाही, कुणाचा पाय दुखतोय, हे त्यांना अंधारातही कळायचं. लांडग्याच्या भीतीनं झोप कुत्र्यासारखी सावध. पहिल्या पावसानंतर कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं की आंत्रविषार होतो, धडधाकट मेंढी सकाळपर्यंत आडवी. म्हणून त्या दिवसांत ते कळपाला हिरव्या रानातून घाईनं पुढं काढायचे. लस मिळू लागल्यावर पावसाळ्याआधी स्वतः जनावरांच्या दवाखान्यात चौकशीला जायचे. शाळा न शिकलेला माणूस, पण नव्या औषधाला कधी नाही म्हणाला नाही.

लोकरीला पुढं भाव राहिला नाही. कोकरांचं मऊ जावळ तेवढं घोंगड्या विणणाऱ्या सणगरांकडं जायचं, चिंचोक्याच्या खळीत ताठ झालेली घोंगडी घरी यायची. आषाढात काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढरांचं रिंगण होतं. ते बघायला आबा न चुकता जात, आणि परतल्यावर कुणाची मेंढरं कशी पोसलीत यावरच बोलत.

पलीकडं फलटणला निंबकर संशोधन संस्थेनं सुंदरबनच्या गारोळ मेंढीचा गुण दख्खनीत आणून जुळी देणारी ‘नारी सुवर्णा’ तयार केली. मला ते काम फार मोलाचं वाटतं. आबांच्या काळात जुळं म्हणजे घोर असे. रोजच्या चालीत आईला दोघांपुरतं दूध सुटत नसे. मग आबा दुसरं कोकरू शेळीला लावायचे. शेळी लाथा झाडायची. तिचा पाय धरून, कोकराचं तोंड आचळाला लावून ते तसेच बसून राहायचे. वाडा पुढं निघालेला असला, तरी कोकराचं पोट भरल्याशिवाय उठत नसत.