मुलाची चौकशी आणि पालकांचा हक्क
(पालक मेळाव्यातील भाषण)



बक्षीस समारंभाच्या दिवशी असा विषय काढतो याची क्षमा असावी. पण दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग मनातून जात नाही. नालासोपाऱ्यातील पाचवीचा एक मुलगा. हातावर भाजल्याची खूण दिसली, कोणीतरी कळवले, मुलाला बालगृहात नेले. त्याची आई तीन दिवस एका कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून होती. मी गेलो तेव्हा म्हणाली, "सर, बोलावतील तेव्हाच आत जायचं ना?" बोलावले कोणीच नव्हते. वडिलांनी तर पहिल्याच दिवशी न वाचता एका कागदावर सही केली होती. हात भाजला होता चहाच्या आधणाने. पण त्या घरात मुलाला मार बसत नव्हता, असे मात्र मी म्हणणार नाही. (छडीच्या बाबतीत आम्ही शिक्षकही धुतल्या तांदळासारखे नाही.)

चौकशी व्हायलाच हवी. पोक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती असून न कळविणारा स्वतः दोषी ठरतो, मग तो शिक्षक असो वा सख्खा काका. पण चौकशी म्हणजे निकाल नव्हे, हे पालकांनी ओळखावे.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार उचललेले मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. या समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, म्हणूनच तिला दोन्ही बाजू ऐकून घेण्याचे बंधन आहे. घरची सामाजिक तपासणी १५ दिवसांत व्हावी, आणि मूल प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे त्याच कायद्याचे तत्त्व आहे. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. ही मुदत मात्र विसरू नका. त्या वडिलांना ती कोणी सांगितलीच नव्हती.

पोक्सोच्या प्रकरणात मुलाचा जबाब आईवडिलांच्या किंवा त्याच्या विश्वासातील दुसऱ्या माणसाच्या समक्ष घेतात. पोलिसांनी त्या वेळी गणवेशात असू नये. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

परदेशी नोकरीला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. सप्टेंबर २०२१ मध्ये बर्लिनमध्ये एका भारतीय दांपत्याची सात महिन्यांची मुलगी तेथील बालकल्याण खात्याने ताब्यात घेतली. फेब्रुवारी २०२२ मध्ये आईवडिलांवरील फौजदारी चौकशी आरोप न ठेवता बंद झाली. तरीही जून २०२३ मध्ये न्यायालयाने ताबा खात्याकडेच ठेवला. फौजदारी चौकशी वेगळी आणि ताब्याचे प्रकरण वेगळे. एकात सुटलो म्हणून दुसऱ्याकडे पाठ फिरवू नये.

आमच्या त्या मुलाची आई शेवटी माझ्यासोबत आत गेली. तिने मार लपवला नाही, आधणाची हकिगत सांगितली, दवाखान्याचा कागद पुढे ठेवला. महिन्याभराने मुलगा घरी आला. समुपदेशनाला वडिलांनाही जावे लागले.

वकिलाचा खर्च परवडत नाही, ही अडचण पुष्कळांची आहे. स्त्रिया आणि बालकांना मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. वसई न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. जाताना मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, दवाखान्याचे कागद न्यावेत. न वाचता सही करू नये, आणि केलेल्या सहीची नक्कल मागून घ्यावी. वाचून दाखवायला घरात कोणी नसेल तर शाळेत मला निरोप द्यावा; सुट्टीच्या दिवशीही मी येईन.