कृपा कमवावी लागत नाही
(वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, चूलमूल सांभाळणारी बाई. धर्मावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण "देवाची कृपा" हे शब्द आपल्या सर्वांच्या तोंडी रोज असतात. ख्रिस्ती लोक त्यांचा काय अर्थ करतात, ते पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचून मला थोडेसे समजले. तेवढेच सांगते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. संस्कृत शिकलेल्या; पण लवकरच वैधव्य आले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे फुलहॅम येथे ख्रिस्ती जोगिणींनी चालविलेले एक घर त्यांनी पाहिले. लोकांनी पतित म्हणून टाकलेल्या बायांची तेथे प्रेमाने सेवा चालली होती. रमाबाईंना नवल वाटले. असे का करता, म्हणून विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट दाखविण्यात आली.

भर दुपारी ही बाई विहिरीवर एकटीच आली. तिचे पाच नवरे झाले होते आणि आता ज्याच्याजवळ राहत होती तो नवरा नव्हता. येशू यहुदी, आणि यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नसत. तरी त्याने तिच्याच हातचे पाणी मागितले. तिचे सारे आयुष्य त्याला ठाऊक होते, ते त्याने तिला सांगितलेही; पण तिला दूर लोटले नाही. ती बाई घागर तिथेच ठेवून गावात गेली आणि लोकांना घेऊन आली.

ख्रिस्ती लोक कृपा म्हणतात ती ही. ती मजुरीसारखी कष्टाच्या हिशेबाने मिळत नाही. पाप सर्वांच्याच ठायी आहे, म्हणून कोणी कोणाला हिणवू नये. आणि क्षमा मिळाली की जुनी वाट सोडावी, हेही ते तितकेच आग्रहाने सांगतात.

त्याच शुभवर्तमानात एक जन्मांध मनुष्य आहे. शिष्य विचारतात, हे पाप कोणाचे, याचे की आईबापाचे? येशू म्हणतो, कोणाचेच नाही. भगिनींनो, ज्या आईचे मूल अधू आहे तिला "काय पाप केले होते गं" असे विचारणाऱ्या आपल्यातही आहेत. त्या माउलीला हे उत्तर किती औषधासारखे वाटेल! आत्म्याचे बरे होणे म्हणजे मनावरचे असे ओझे उतरणे. म्हणून दवाखाना सोडावा असे मात्र नव्हे. मिरजेला १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशनचे इस्पितळ काढले. तेथे प्रार्थना आणि शस्त्रक्रिया दोन्ही चालत.

रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढे केडगावला मुक्ती सदन. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात हिंडून त्यांनी उपाशी मुली व विधवा आणल्या. केडगावलाच फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या बायांसाठी घर बांधले, त्याचे नाव कृपा सदन. तेथे नुसता उपदेश नव्हता. अन्न होते, कपडा होता, हाताला काम होते.

त्यांचा धर्म आपण घ्यावा असे मी म्हणत नाही. आपल्या विठोबानेही कान्होपात्रेला जवळ केलेच. पण देव ज्यांना जवळ करतो त्यांना आपण कुंकवाचे बोलावणे करीत नाही, याचा विचार करावा. माहेरी परत आलेली, नवऱ्याने टाकलेली, विधवा, अशा बाया प्रत्येक आळीत आहेत. त्या दारातून आपल्या घोळक्याकडे पाहतात आणि आत वळतात.

म्हणून माझी सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे मंडळाने प्रत्येक घरी आणि प्रत्येक बाईला करावे. सतरंजी एकच, वाण एकच. कोणी चौकशा करू नयेत.

या सूचनेला ज्यांचे अनुमोदन असेल त्यांनी कृपया हात वर करावेत.