लहान मुलांना घेऊन लडाखला जाताना

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



येत्या मे महिन्यात आपल्यातली तीन कुटुंबं लडाखला निघाली आहेत आणि तिघांकडेही पाच वर्षांखालची मुलं आहेत. म्हणून आज बँकेचे किस्से बाजूला ठेवतो.

थंडीची तयारी सगळे करतात. स्वेटर, कानटोप्या, हातमोजे, सगळं बॅगेत असतं. खरा प्रश्न उंचीचा. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू आपल्याकडच्या साधारण दोन तृतीयांश. दिल्लीहून विमान दीड तासात तिथे उतरवतं, पण शरीराला सवय व्हायला दिवस लागतात. ३००० मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये, असं डॉक्टर सांगतात. या हिशोबात श्रीनगरचा रस्ता छान बसतो. श्रीनगर १६००, कारगिल २७००, आल्ची ३१००, मग लेह. जिन्याच्या पायऱ्याच जणू! मनालीकडून जाणारे बरेच जण सरचूला तंबूत मुक्काम करतात, ते जवळजवळ ४३०० मीटर. लहान मूल बरोबर असेल तर मी त्या वाटेला जाणार नाही.

मोठा माणूस डोकं दुखतं म्हणून सांगतो. तीन-चार वर्षांचं पोर सांगत नाही. ते किरकिर करतं, जेवत नाही, खेळत नाही, झोपत नाही, उलटी करतं. आपण म्हणतो, गाडी लागली असेल. डोंगरात मात्र दुसरं कारण सापडेपर्यंत ती उंचीच धरायची.

आमची नात तेव्हा चार वर्षांची होती. श्रीनगरच्या रस्त्यानेच गेलो होतो, तरी पँगाँगला निघायच्या सकाळी तिने पोळीला हात लावला नाही. चॉकलेट पुढे केलं, तेही नको. मग उलटी झाली. खाली गाडी उभी, तंबूचे पैसे आगाऊ भरलेले आणि ते परत मिळणार नव्हते. मुलगा म्हणाला, "बाबा, वाटेत झोपेल ती." पँगाँग लेहपेक्षा साडेसातशे मीटर उंच आणि वाटेत चांग ला ही पाच हजार मीटरच्या वरची खिंड. नाव चांग ला असलं तरी आजारी पोरासाठी चांगला नाही! मी म्हटलं, ती रक्कम बुडीत खात्यात टाक. गाडी परत पाठवली. सूनबाई काही बोलली नाही, पण तिने बॅग उघडून कपडे परत कपाटात लावले, त्यावरून तिचं मत कळलं.

डॉक्टरांनी बोटाला यंत्र लावून प्राणवायू पाहिला. आज वर जायचं नाही, विश्रांती द्या, संध्याकाळपर्यंत उतार नसेल तर खाली उतरा, असं सांगितलं. संध्याकाळी तिने मऊ भात मागितला. दोन दिवसांनी निमूजवळ सिंधू आणि झंस्कारचा संगम पाहायला गेलो, तो लेहपेक्षा खालीच आहे. तासभर पाण्यात दगड फेकत होती. पँगाँग आम्ही अजून पाहिलेलं नाही.

आणखी थोडं. डायमॉक्स मुलांना आपल्या मनाने देऊ नका, निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना विचारा. पाठीवरच्या झोळीत बसलेलं मूल हलत नाही, म्हणून चालणाऱ्या बापाला घाम येत असताना त्याचे पाय गार पडतात. अधूनमधून मोजे काढून बोटं चाचपा. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नका, त्या धुराने माणूस झोपेतच जातो. आणि गॉगल मुलांनाही हवा, तिथलं ऊन फार कडक असतं.

आमचे मुक्काम आणि अंतरं लिहिलेली वही माझ्याकडे आहे. निघणाऱ्यांनी संध्याकाळी सातनंतर घरी यावं, चहा होईल.