तंबाखूमुक्तीला दूरध्वनीची साथ



नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की टपरीवर विडी-सिगारेट पेटते, तळहातावर तंबाखू मळली जाते. ही सवय सोडण्याची इच्छा अनेकांना असते. उणीव असते ती आधाराची. दवाखान्यात जावे, तर रोज बुडतो.

हा आधार आता दूरध्वनीवर मिळू शकतो. केंद्र शासनाने २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल वक्ष संस्थेत ही राष्ट्रीय सेवा सुरू केली. २०१८ पासून तिचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक तंबाखूच्या वेष्टनांवर छापला जातो. समुपदेशक तंबाखू सोडण्याचा दिवस ठरविण्यास साहाय्य करतात व पुढेही विचारपूस करतात. प्रारंभीच्या दिवसांत तलफ तीव्र असते. मात्र प्रत्येक तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरता धीर मोलाचा ठरतो.

मनगटावर बांधावयाच्या यंत्रांचेही प्रयोग झाले आहेत. हात ओठांकडे जाण्याची लय ओळखून ती धूम्रपानाची नोंद करतात. परंतु २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करतात, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखूचे सेवन करतात. गालात धरलेली चिमूट अशा यंत्रास कशी उमगावी?

म्हणून येथे आपुलकीच्या विचारपुशीचेच महत्त्व अधिक. कारखाने, शाळा व ग्रामपंचायती यांनी हा क्रमांक दर्शनी भागी लावावा; कामगारास दूरध्वनीसाठी पाळीत दहा मिनिटे मिळावीत. निश्चय मोडलेला माणूस पराभूत नव्हे. त्याने तोच क्रमांक पुन्हा फिरवावा.