समुद्रातील शेवाळ आणि विजेची तार

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



परदेशी असलेल्या मुलांशी आपण बोलतो, ते बोलणे समुद्रतळावरील तारांतून जाते. अशा काही तारा आपल्या वेसाव्याच्या किनाऱ्यावरच जमिनीवर येतात. मागच्या बैठकीत एका भगिनीने विचारले, “या तारांतील विजेने समुद्रातले शेवाळ मरत असेल का हो?” लगेच दुसरी म्हणाली, “मरत असेल तर नको असलेले शेवाळ तसेच मारावे की!” हा दुसरा प्रश्न मला फार आवडला.

नको असलेले शेवाळ म्हणजे कोणते? फिलिपाईन्सकडचे कॅपाफायकस तामिळनाडूत लागवडीसाठी आणले गेले. आइस्क्रीम, टूथपेस्ट यांना दाटपणा देणारा कॅराजीनन त्यातून निघतो. रामनाथपुरम जिल्ह्यातील बायका बांबूच्या तराफ्यांवर ते पिकवून संसाराला हातभार लावतात. परंतु तुटक्या तुकड्यापासूनही ते वाढते. मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटापाशी ते जिवंत प्रवाळांवर पसरल्याचे २००८ साली नोंदविले गेले. प्रवाळ गुदमरले की मासळीचा आसरा गेला. इकडे प्रवाळ, तिकडे बायकांची मिळकत. कोणाची बाजू खोटी म्हणावी?

आता विजेचे. पान काय, शेवाळ काय, उजेडात कर्बवायू घेऊन अन्न बनविते व प्राणवायू सोडते. त्या वेळी आत इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सरकत असतात. म्हणून चुंबकाचा परिणाम होईल ही शंका खुळी नव्हे. पण पडताळावी कशी? एकाच शेवाळाचे सारखे तुकडे दोन बरण्यांत, समुद्राच्या पाण्यात, सारख्या उजेडात ठेवावेत. दोन्हींभोवती तांब्याची तार गुंडाळून सारखाच प्रवाह सोडावा. मात्र एकीची तार दुमडून, दुहेरी करून गुंडाळावी, म्हणजे येणाऱ्या व जाणाऱ्या प्रवाहांची क्षेत्रे एकमेकांना खोडून टाकतात. एवढा खटाटोप कशाला? अहो, तार तापते! पाणी कोमट झाले की शेवाळाचे कामही बदलते, आणि आपण श्रेय देतो चुंबकाला. अशी जुळी बरणी नसलेल्या प्रयोगावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. मग दोन्हींतला प्राणवायू मोजावा, उजेडात आणि अंधारातही; कारण शेवाळ श्वासही घेते.

वेसाव्याच्या तारेचे गणित सोपे आहे. तिच्यातून सुमारे १ अँपिअर प्रवाह जातो. एक मीटरवर त्याचे क्षेत्र ०.२ मायक्रोटेस्ला भरते. पृथ्वीचे स्वतःचे येथे ४० च्या वर आहे. तेव्हा त्या तारेपायी खडकांवरच्या शेवाळाची काळजी नको. आणि मन्नारला? तेथे प्रवाळांवरचे शेवाळ माणसांनी पाण्यात उतरून हातांनीच उपटले. एखादा तुकडा मागे राहिला, तर तो पुन्हा धरतो.