दिवाबत्ती : नगरपरिषदेचे पहिले कर्तव्य



नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका पाहिली, तर तिच्यातील बहुतेक विषय नित्याचेच असतात. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, गटारांची सफाई, नळपाणीपुरवठ्याच्या साहित्याच्या निविदा, आणि शेवटी कोठे तरी ‘दिवाबत्तीच्या साहित्याच्या खरेदीस मंजुरी देणे’. तोपर्यंत सभासद थकलेले असतात आणि विषय चर्चेविना मंजूर होतो. परंतु नागरिक नगरपरिषदेची पारख करतो ती याच शेवटच्या विषयावरून. दुसऱ्या पाळीचा कामगार, शेवटच्या एस. टी. ने उतरणारा प्रवासी, शिकवणीहून परतणारी मुलगी यांच्या वाटेवरचा दिवा बंद असेल, तर त्यांच्या दृष्टीने त्या गल्लीत नगरपरिषदच नसते.

कायद्याने दिलेले स्थान

महाराष्ट्र नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमातील कलम ४९ मध्ये नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्ये दिली आहेत. त्या यादीत पहिलेच कर्तव्य आहे ते सार्वजनिक रस्ते, जागा व इमारती यांवर दिवाबत्ती करण्याचे. ऐच्छिक कामे त्यानंतर येतात. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानात बारावी अनुसूची समाविष्ट झाली; तीतही रस्त्यावरील दिव्यांचा उल्लेख आहे. ग्रामपंचायतीच्या पावतीवर तर ‘दिवाबत्ती कर’ असे स्वतंत्र नावच असते. तेव्हा खांबावरचा दिवा ही कोणा सभासदाची मेहेरबानी नव्हे. करदात्याचा तो हक्क आहे.

सार्वजनिक पैसा समारंभावर खर्च व्हावा की नित्य गरजांवर, हा प्रश्न जुनाच आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा असे सांगून त्यांनी एकट्याने विरोध केला. प्रस्ताव संमत झाला. पण लक्षात राहिले ते विरोधाचे एक मत. आजही मुख्य चौकात हायमास्ट दिव्याचे थाटात उद्घाटन होते आणि दोन गल्ल्या पलीकडच्या वस्तीतील खांब अनेक दिवस अंधारात राहतो. नवीन खांबांसाठी अनुदान मिळू शकते; दरमहाचे वीजबिल आणि दुरुस्ती यांचा भार मात्र मुख्यतः नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नावर पडतो. म्हणून नवा दिवा मंजूर करताना त्याच्या पुढील दहा वर्षांच्या खर्चाचाही विचार सभेने करावयास हवा.

हिशेबाची बाजू

केंद्र शासनाने ५ जानेवारी २०१५ रोजी रस्त्यांवर एलईडी दिवे बसविण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यामागचे गणित साधे आहे. १५० वॅटचा जुना सोडियम दिवा रोज अकरा तास जळला, तर चोकचा खर्च सोडूनही वर्षाला सुमारे ६०२ युनिट वीज लागते. त्याच जागी ७० वॅटचा एलईडी दिवा पुरेसा ठरला, तर २८१ युनिट पुरतात. एका दिव्यामागे ३२१ युनिटांची, म्हणजे हजार दिव्यांमागे सुमारे सव्वातीन लाख युनिटांची वार्षिक बचत होते.

पण केवळ दिवे बदलल्याने ही बचत हाती येत नाही. मुंबईच्या परिसरात नोव्हेंबरअखेर सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तर जुलैच्या प्रारंभी सात वाजून वीस मिनिटांच्या सुमारास. एकदा लावलेला टायमर वर्षभर तसाच राहिला, तर एका ऋतूत दिवे उजेडात जळतात आणि दुसऱ्या ऋतूत अंधार पडून गेल्यावर लागतात. ऋतुमानाप्रमाणे वेळ बदलण्याचे काम कोणाचे, हे लेखी ठरलेले असावे. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक खांबाचे अर्थिंग व उघड्या तारा तपासणे, दिव्यासमोर आलेल्या फांद्या छाटणे ही कामेही तितकीच महत्त्वाची. त्यांपैकी पहिल्यात तर जीविताचा प्रश्न असतो.

तक्रारवहीचे दोन रकाने

दिवा बंद पडणे हा दोष नव्हे. तो बंदच राहणे हा दोष आहे. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. पुष्कळ ठिकाणी खांब व तारा वितरण कंपनीच्या आणि दिवा नगरपरिषदेचा अशी वाटणी असते. नागरिक नगरपरिषदेत गेला की त्याला वीज कार्यालयाचा रस्ता दाखविला जातो आणि तेथून पुन्हा नगरपरिषदेचा. यावर उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक खांबावर ठळक क्रमांक रंगवावा, नागरिकाची तक्रार एकाच ठिकाणी घेतली जावी, आणि वीज कंपनीकडे पाठपुरावा करण्याची जबाबदारी कार्यालयाने स्वतःकडे घ्यावी.

तक्रारवहीत दोन रकाने मात्र अवश्य असावेत : तक्रार आल्याची तारीख आणि दिवा लागल्याची तारीख. या दोन तारखांमधील अंतर दरमहा समितीपुढे वाचून दाखविले, तर अनेक प्रश्न आपोआप उलगडतात. वायरमन कमी आहेत की शिडीची गाडी नादुरुस्त आहे, भांडारात दिवे नाहीत की ठेकेदाराचे देयक अडले आहे, हे त्यातून दिसते. कोणत्या प्रभागातील तक्रार दोन दिवसांत मिटते आणि कोणत्या प्रभागातील महिनाभर पडून राहते, हेही दिसते. ही तफावत सभागृहात उघडपणे मांडली गेली पाहिजे. ज्या वस्तीचा आवाज लहान, तिचा खांब यादीत शेवटी, असे होऊ नये.

शिक्षकांना या कामी मोठे साहाय्य करता येईल. आपल्या वाटेवरील बंद दिव्यांचे क्रमांक विद्यार्थ्यांनी टिपून आणावेत आणि वर्गाने नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला एक पत्र लिहावे. नागरिकशास्त्राचा तो उत्तम प्रत्यक्ष पाठ होईल. मात्र त्या पत्राला वेळेवर उत्तर गेले पाहिजे. उत्तर आले नाही, तर मुले त्यातूनही एक धडा शिकतील, आणि तो लोकशाहीच्या हिताचा नसेल.

मोठ्या योजना नगराची कीर्ती वाढवितात. नगरावरील विश्वास मात्र रोजच्या कामांतून वाढतो. पुढील सभेत दिवाबत्तीचा विषय पुकारला जाईल, तेव्हा ‘मंजूर’ म्हणण्यापूर्वी एखाद्या सभासदाने एवढेच विचारावे : आज किती दिवे बंद आहेत, आणि कधीपासून? या प्रश्नाचे उत्तर ज्या कार्यालयाजवळ तयार असेल, त्या नगरातील वाटा फार काळ अंधारात राहणार नाहीत.