नव्या खोलीचें छप्पर

घर वाढतें तें माणसांमुळें. मुलांचीं लग्नें होतात, नातवंडें येतात, आजींच्या गुडघ्यांना माडीचा जिना नकोसा होतो; आणि मग एखाद्या उन्हाळ्याच्या सुटींत मुंबई-पुण्याची मंडळी कोंकणांतल्या घरीं जमली असतां ठरतें कीं, परसाकडच्या अंगाला आजींसाठीं एक खोली वाढवावी. चर्चा होते ती खोलीच्या लांबीरुंदीची, फरशीची आणि खिडक्यांची. छपराचा विषय निघालाच तर 'कौलें कीं पत्रा' एवढ्यावर आटोपतो. वस्तुतः जोत्याचा पहिला दगड बसण्यापूर्वीं ज्याचा निर्णय व्हावयास हवा, तें छप्परच होय. कारण चुकीच्या छपराची नवी खोली स्वतः बिघडण्याआधीं शेजारचें जुनें घर बिघडविते.

यांत नवल कांहीं नाहीं. जुन्या घराचें पाखें, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, आपलें पाणी वळचणीवरून अंगणांत टाकीत असतें. पागोळ्यांची ही वाट पिढ्यान् पिढ्या मोकळी असते. नेमकी त्याच वाटेवर नवी खोली उभी राहते. आतां तें पाणी कोठें जावें? कोंकणपट्टींत बहुतेक ठिकाणीं वर्षाकाठीं अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. बारा फूट लांब व बारा फूट रुंद अशा लहानशा खोलीवरही एवढ्या पावसानें सुमारें ३३ हजार लिटर पाणी पडतें, आणि त्यांत जुन्या पाख्यावरून येणाऱ्या पाण्याची भर पडते ती निराळीच. या साऱ्याला वाट नेमून दिली नाहीं, तर तें स्वतः वाट शोधतें. आणि ती बहुधा जुन्या भिंतीच्या माथ्यांतून निघते. तेथें मातींत रचलेला चिरा असतो, भिंतींत टेकलेलीं वाशांचीं टोकें असतात. तीं भिजतात, कुजतात, मागून वाळवी येते. घर फिरलें कीं घराचे वासेही फिरतात असें म्हणतात; येथें वासे आधीं फिरतात आणि घर मागाहून.

आज ज्याला मंगळुरी कौल म्हणतात, त्याचा कारखाना बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळूर येथें काढला. नेत्रावतीच्या कांठची माती त्यास उपयोगी पडली. हें कौल चपटें असून त्याच्या कडांना खांचा असतात व एक कौल दुसऱ्यांत अडकतें. जुन्या अर्धगोल नळ्यांपेक्षां ही मांडणी हलकी व पक्की ठरली, म्हणून ती सर्व किनाऱ्यावर पसरली. परंतु या कौलाची एक अट आहे. त्यास पुरेसा उतार हवा. दोन फूट आडव्या अंतरास एक फूट चढ ही खालची मर्यादा समजावी. कोंकणच्या पावसांत तीस अंश, म्हणजे बारा फुटांस सुमारें सात फूट चढ, अधिक चांगला. उतार कमी झाला म्हणजे पाणी सांध्यांत रेंगाळतें आणि वाऱ्याच्या झोताबरोबर उलटें वर चढतें.

आतां साधें गणित करून पाहावें. जुन्या घराची वळचण जमिनीपासून नऊ फुटांवर आहे आणि तिच्या खालूनच नवें छप्पर पडवीसारखें उतरतें करावयाचें आहे. खोली बारा फूट खोल. तीस अंशांच्या उतारानें छप्पर सात फूट खालीं येतें आणि बाहेरची भिंत उरते दोन फुटांची! मग ती सात फूट उंच ठेवण्यासाठीं उतार मोडला जातो. बारा फुटांत अवघा दोन फुटांचा चढ राहतो, म्हणजे दहा अंशांहूनही कमी. त्यावर घातलेलें कोणतेंही कौल गळणारच. दोष मग कौलांना दिला जातो, सुताराला दिला जातो. खरी चूक जोतें आंखतांनाच झालेली असते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, नव्या खोलीचें आढें जुन्या आढ्याशीं काटकोनांत धरावें. मग पाणी खोलीच्या दोन्ही बाजूंना उतरतें, चढ साडेतीन फुटांत भागतो आणि भिंती नऊ फूट उंच राहतात. मात्र नवें छप्पर जुन्या पाख्याला मिळतें तेथें दोन घळी तयार होतात. दोन्ही पाखीं तीस अंशांचीं असलीं तरी घळीचा उतार बावीस अंशांच्याच आसपास भरतो, आणि साऱ्या छपराचें अधिकांत अधिक पाणी तिच्यांतूनच वाहतें. म्हणून घळींत कौलांखालून रुंद पत्रा घालावा आणि हात घालून पालापाचोळा काढतां येईल एवढी ती उघडी ठेवावी. दुसरा उपाय अधिक सोपा: खोली चार-पांच फूट दूर बांधून मधें छपराची लहानशी वाट ठेवावी. जुन्या वास्तूस हात लागत नाहीं, आणि पागोळ्यांची वाटही बव्हंशीं मोकळी राहते.

जेथें नवें छप्पर जुन्या भिंतीला भिडतें, तो सांधा सिमेंटनें लिंपून टाकण्याची चाल फार आहे. ती टाळावी. जुनें जोतें केव्हांच स्थिरावलेलें असतें. नवें मात्र पहिलीं कांहीं वर्षें थोडें थोडें बसत असतें. एक भाग हलतो, दुसरा हलत नाहीं. मधला लेप चिरतो आणि ती केसाएवढी चीर पाणी ओढून घेते. त्याऐवजीं भिंतींत खांच पाडून पत्र्याच्या पट्टीची एक कड आंत घ्यावी व दुसरी कौलांवर सोडावी. कौलांना खिळूं नये. मग छप्पर हललें तरी आडोसा शाबूत राहतो.

कौलें घेतांना प्रत्येकावर बोटानें टिचकी मारून पाहावी; खणखणीत आवाज आला तर तें नीट भाजलेलें. चौरस मीटरला साधारण १५ कौलें लागतात, आणि भिजल्यावर त्यांचें वजन आणखी वाढतें. तो भार धरूनच वासे निवडावे. वळचणीची पहिली रीप इतरांपेक्षां जाड असावी, कारण तेथील कौलांना खालीं दुसऱ्या कौलांचा आधार नसतो व तीं पुढें झुकतात.

आजकाल माकडांचा उपद्रव आणि शाकारणी करणाऱ्या माणसांची टंचाई यांमुळें अनेक घरांवर पत्रे आले आहेत. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. पत्र्याला कमी उतार चालतो, हा त्याचा गुणच. पण दुपारचें ऊन व रात्रीच्या सरींचा ताशा यांवर तक्तपोशीचा खर्च करावा लागतो. शिवाय जुन्या भिंतीजवळचा सांधा पत्र्यालाही चुकत नाहीं.

मृग नक्षत्र लागतें जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस. छप्पर त्यापूर्वीं पंधरा दिवस तरी पुरें व्हावें, म्हणजे आढ्यावर घागरींनीं पाणी ओतून घळी व सांधे तपासतां येतात. पहिली सर आली म्हणजे घरच्या कर्त्यानें नव्या खोलींत नव्हे, तर तिला लागून असलेल्या जुन्या माजघरांत जाऊन भिंतीच्या माथ्यावर हात फिरवावा. ती कोरडी लागली, तर आजींना नव्या खोलींत निश्चिंतपणें झोप घेऊं द्यावी. आणि ज्या घरांत त्यांनीं संसार केला, तेंही त्यांच्या शेजारीं तसेंच उभें राहील.